ताप नाही, मग रक्त कशाला?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गल्ल्या भरू लागतात. मंगळूरला सेंट्रिंगच्या कामाला गेलेली पोरं, गोव्यात गवंडीकाम करणारे बापये, सगळे घराकडं वळतात. आशाताईची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीची, फेरीही त्याच दिवसांत असते. तिच्या पिशवीत काचपट्ट्या, सुया आणि मलेरिया तपासायचं पांढरं किट असतं. ‘बाहेरगावाहून कोण आलंय काय?’ असं विचारून ती आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेते.

त्यावर हमखास उत्तर येतं, ‘मला ताप न्हाई की ओ आक्का, मग रक्त कशाला?’

प्रश्न रास्त आहे. देशातला मलेरिया घटला, २०३० पर्यंत तो संपवायचा आहे, अशा बातम्या आपण वाचतो आणि इकडे धडधाकट माणसाच्या बोटाला सुई लागते. हे कोडं सोडवायचं तर मलेरिया कसा फिरतो, कुणाच्या अंगात मुक्काम करतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे बघावं लागेल. त्यासाठी बेळगाव सोडून थोडं लांबही जावं लागेल.

धोका म्हाताऱ्या डासाचा

मलेरियाला आपल्याकडं हिवताप म्हणतात. आधी हीव भरतं, मग ताप चढतो, मग घाम फुटून अंग मोकळं होतं. हे करणारा जीव डोळ्यांना दिसत नाही. तो एका पेशीचा परजीवी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्यावर जगणारा. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरान यांना तो १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात दिसला. पुढं १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला आणि हा ताप खराब हवेनं येतो ही शेकडो वर्षांची समजूत मोडली.

आपल्या देशात त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. व्हायव्हॅक्स चिवट आहे आणि पुन्हा पुन्हा उलटतो. फाल्सिपेरम जिवावर बेततो, कारण त्यानं बाधलेल्या रक्तपेशी मेंदूच्या आणि इतर अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

परजीवी पसरवते ती ॲनाफिलिस जातीच्या डासाची मादी. ती मुख्यतः रात्री चावते. मलेरियाच्या माणसाला चावून ती लगेच दुसऱ्याला चावली तर काहीही होत नाही. परजीवीला तिच्या पोटात वाढून तोंडाकडच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, थंडी असेल तर आणखी जास्त. डासाचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं, आणि बहुतेक मादी डास तेवढ्या आधीच मरतात. म्हणजे मलेरिया देणारा डास हा नेहमी वय झालेला डास असतो.

फवारणीचं सगळं गणित ह्यावर उभं आहे. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते. त्या भिंतीवर औषध असेल तर गावातले सगळे डास मारायची गरज उरत नाही, डासांचं सरासरी आयुष्य चार-सहा दिवसांनी कमी झालं तरी साखळी तुटते. ‘फवारलं तरी डास आहेतच की’ अशी तक्रार आपण करतो, पण डास दिसले म्हणून फवारणी वाया गेली असं होत नाही.

लव्हाळ्याच्या गाठी

माझा एक चुलतभाऊ मंगळूरला सेंट्रिंगला असतो. एका वर्षी तिथं त्याला जुलैत हिवताप आला. तपासणीत व्हायव्हॅक्स निघाला. तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्यावर ताप उतरला. पुढं चौदा दिवस घ्यायच्या गोळ्या होत्या, त्यातल्या त्यानं पाच घेतल्या. पोटात कसंतरी व्हायचं, आणि तापच नाही तर गोळी कशाला, असं त्याला वाटलं. गणपतीत घरी आला आणि आरतीच्या वेळी हुडहुडी भरून पडला. घरातली म्हातारी माणसं म्हणाली, ‘प्रवासाचं पाणी बाधलं.’

पाणी बाधलं नव्हतं, जुलैतलाच परजीवी परत उठला होता.

ज्यानं लव्हाळा उपटलाय त्याला हे लगेच कळेल. वरचं पातं ओढलं की हातात येतं, वाफा स्वच्छ दिसतो. गाठ मात्र जमिनीत राहते आणि पंधरा दिवसांनी वाफा पुन्हा हिरवा होतो. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी रक्तात न उतरता यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात. पहिल्या तीन दिवसांची गोळी, क्लोरोक्वीन, वरचं पातं काढते. गाठ मारायला प्रायमाक्वीन लागते, आणि ती चौदा दिवस घ्यावी लागते. ती अर्ध्यावर सोडली की माणूस बरा दिसतो, हिंडतो, फिरतो आणि आजार बरोबर घेऊन गावी येतो.

ह्या गोळीबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती कुणी समजावत नाही. काही लोकांच्या रक्तात जी६पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. त्यांच्या रक्तपेशी प्रायमाक्वीननं फुटू शकतात. गोळी चालू असताना लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना ही गोळी देत नाहीत. बाकीच्यांनी पोटात अन्न असताना घेतली तर पोटाचा त्रास बराच कमी होतो. भावाला एवढं कुणी सांगितलं असतं तर त्याचा गणपती अंथरुणात गेला नसता.

अंगात आहे, पण ताप नाही

आता मूळ प्रश्न. झोपलेल्या परजीवीचं एक झालं. पण परजीवी रक्तात हिंडतोय आणि माणसाला ताप नाही, असं होतं का? होतं, आणि जिथं मलेरिया फार तिथं तर सर्रास होतं.

मलेरियाची प्रतिकारशक्ती गोवरासारखी नसते. गोवर एकदा आला की बहुधा जन्मात परत येत नाही. मलेरियाशी शरीर वारंवार झुंजून शिकतं, आणि तेही अर्धवटच शिकतं. परजीवी पूर्ण हटत नाही, फक्त त्याची संख्या कमी राहते, त्यामुळं ताप येत नाही. शिवाय ही शक्ती कोयत्याच्या धारेसारखी आहे. रोज वापरात असेल तर टिकते, कोयता दोन वर्षं आढ्याला खोचून ठेवला की गंजतो. अतिसंसर्गाच्या गावातला माणूस काही वर्षं शहरात राहून परत गेला की तापानं फणफणतो, आणि त्याच गावातला त्याचा भाऊ शेतात राबत असतो.

म्हणून मलेरिया थोडा असलेल्या आणि फार असलेल्या गावांचं चित्र अगदी वेगळं दिसतं. जिथं तो थोडा आहे तिथं कुणाच्याच अंगात सवय नसते. लागण झाली की लहान-थोर सगळे आजारी पडतात. त्यातही बाहेर कामाला जाणारे तरुण पुरुष जास्त, कारण डास त्यांना कामाच्या ठिकाणी गाठतो. जिथं तो फार आहे तिथं मोठी माणसं धडधाकट दिसतात आणि पाच वर्षांखालची मुलं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले, आणि तिथल्या दर चार मृत्यूंमागे तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. मोठ्यांचं शरीर शिकलेलं असतं, पण त्या शिक्षणाची फी लहानपणी भरावी लागते आणि प्रत्येक मूल ती भरून वाचतंच असं नाही.

अशा गावात बायकांचं दुखणं आणखी वेगळं आहे. पहिलटकरीण गरोदर राहिली की तिची आधीची सवय अपुरी पडते, कारण फाल्सिपेरम वारेत, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या भागात, जाऊन चिकटतो आणि ती जागा शरीराला नवीन असते. आईचं रक्त उतरतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. आईला ताप नसतानाही हे होऊ शकतं.

जुन्या डॉक्टरांकडं अशी गावं ओळखायची साधी रीत होती. मुलांना रांगेत उभं करून डाव्या बरगडीखाली हात घालून बघायचं. पुन्हा पुन्हा मलेरिया झालेल्या मुलाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते. दोन ते नऊ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांची पाणथरी कायम वाढलेली असेल तर ते गाव अतिसंसर्गाचं धरायचं.

अशा गावात फक्त ताप आलेल्यांना औषध दिलं तर काय होईल? ताप नसलेल्यांच्या रक्तातून डास परजीवी उचलत राहतील आणि वाटत राहतील. मलेरिया तगून राहतो तो ह्या गप्प बसलेल्या रक्तात, आणि ते रक्त कुणाचं आहे हे थेंब बघितल्याशिवाय कळत नाही.

सगळ्या घरांना सारखा नाही

आपण म्हणतो, ‘त्या गावात मलेरिया आहे.’ प्रत्यक्षात तो त्या गावातल्या काही घरांत असतो. संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासात एक ढोबळ नियम वारंवार दिसतो. साधारण २० टक्के लोकांपासून ८० टक्के प्रसार होतो. मलेरियात हे लोक विखुरलेले नसतात, शेजारी शेजारी असतात. ओढ्याच्या काठचं घर, गावाच्या टोकाचं घर, भिंत आणि छपराच्या मध्ये फट असलेलं घर, गोठा आणि झोपायची जागा एकच असलेलं घर. त्याच घराला जूनमध्ये ताप येतो, त्याच घराला ऑक्टोबरात, आणि पुढच्या वर्षीही त्यालाच.

गरीब घरच गावाच्या टोकाला, ओढ्याजवळ, फटींचं असतं. म्हणून गावाची सरासरी काढली की दुखणं पातळ होऊन दिसतं. शंभर घरांच्या गावात शंभर ताप म्हणजे घरटी एक, असं कागदावर होतं. पण साठ घरांना शून्य आणि दहा घरांना सात-आठ असं असेल तर त्या दहा घरांचं आयुष्य पार वेगळं असतं.

मग बेळगावात त्याचं काय?

बेळगाव जिल्हा आज अतिसंसर्गाच्या यादीत नाही. भीती घालायची म्हणून मी हे लिहीत नाही. देशातला मलेरियाचा मुख्य भार ओडिशा, छत्तीसगडचा बस्तर, झारखंड, ईशान्येची काही राज्यं आणि महाराष्ट्रातल्या गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यांवर आहे. कर्नाटकात कित्येक वर्षं राज्याच्या मलेरियाचा मोठा वाटा मंगळूर आणि किनारपट्टीचा राहिला आहे. तिथला डास जंगलातला नव्हे, शहरातला आहे. स्टिफेन्सी नावाची ही जात स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. विहीर, गच्चीवरची टाकी, हौद, बॅरल, आणि बांधकामावर स्लॅब पिकवायला तुंबवलेलं पाणी. अर्धवट बांधलेल्या इमारतीत, त्या पाण्याशेजारीच, आमची पोरं उघड्यावर झोपतात.

आमचा संबंध इतिहासाचाही आहे. खानापूरला लागून असलेला हल्याळ-सुप्याचा भाग, काळी नदीचं खोरं, हा सगळा मुलूख एके काळी हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. स्वातंत्र्याच्या आसपास, बेळगाव, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते तेव्हा, डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी धारवाड आणि कारवार जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणता येतो हे दाखवलं. १९५३ साली देशभर मोहीम सुरू झाली, तिच्या मागं अशा प्रयोगांची शिदोरी होती. मला ह्या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि ती आमच्या शाळांतून कुणी सांगत नाही ह्याचं वाईटही वाटतं. सगळ्या देशाला लागू पडलेली गोष्ट आमच्या शेजारच्या रानात तपासून बघितली गेली होती.

गोळ्या फुकट आहेत, मग खर्च कसला?

सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध फुकट आहे. तरीही घर का कोलमडतं, ते एका हिशेबानं बघू. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा, एक गवंडी रोज ८०० रुपये कमावतो. ताप, अशक्तपणा आणि परत उभं राहणं धरून त्याचे दहा दिवस गेले. ८,००० रुपये. त्याची बायको ३५० रुपये रोजानं शेतात जाते, तिचे चार दिवस त्याच्याजवळ बसण्यात गेले. १,४०० रुपये. रात्री ताप चढला म्हणून जवळच्या खाजगी डॉक्टरकडं नेलं, सलाईन, रक्ततपासणी, रिक्षा मिळून ३,००० रुपये. एकूण १२,४०० रुपये. आता यातला औषधपाण्याचा सगळा खर्च सरकारनं उचलला असं धरलं तरी ९,४०० रुपये उरतातच. बुडालेला रोज कुठल्याच दवाखान्याच्या कागदावर लिहिला जात नाही.

त्यात वेळ वाईट. डास वाढतात पावसात आणि पावसानंतर. आमच्याकडं चिखलणी आणि रोप लावण त्याच दिवसांत असते. रोप तयार झालं की ते थांबत नाही. आठ दिवस उशीर झाला तर वर्षाचं भात कमी येतं. शेतकऱ्याच्या घरात ज्या आठवड्यात दोन हात सगळ्यांत मोलाचे असतात त्याच आठवड्यात ते अंथरुणाला खिळतात. आणि पिकाचे पैसे हातात यायला अजून काही महिने असतात.

मग पैसा कुठून येतो? आमच्या भागातल्या प्रत्येक बाईला ह्याचं उत्तर पाठ आहे. संघाचं, म्हणजे बायकांच्या गटाचं, कर्ज. संघाचा हप्ता आठवड्याला भरावा लागतो, तो तापासाठी थांबत नाही. एक हप्ता भरायला दुसऱ्या संघातून उचल, त्यासाठी कानातलं गहाण, त्यासाठी थोरल्या मुलीची शाळा चार दिवस बंद कारण धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही. ताप दहा दिवसांत गेला, हप्ते दोन वर्षं राहिले.

ही एका तापाची गोष्ट झाली. अतिसंसर्गाच्या गावात एकाच घरात वर्षाला असे अनेक ताप येतात. तिथं मुलाचं रक्त उतरलेलं राहतं, ते वर्गात बसतं पण लक्ष लागत नाही. फाल्सिपेरम मेंदूत गेलेलं मूल वाचलं तरी कधी कधी झटके किंवा शिकण्यातली अडचण मागं राहते. आई दर महिन्याला दोन-चार दिवस कामावर जात नाही, मग मुकादम तिला बोलावणंच सोडतो. माणसं जोखीम घेणं थांबवतात. ज्या पिकाला नेमक्या वेळी मजूर लागतात ते लावत नाहीत, कारण त्या वेळी आपण उभे असू की नाही ह्याची खात्री नसते.

गरिबीमुळं मलेरिया, की मलेरियामुळं गरिबी?

दोन्ही. पण कुठला धागा किती जाड, ह्यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो लपवण्यासारखा नाही.

गॅलप आणि सॅक्स ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली मांडलं की १९६५ ते १९९० या काळात तीव्र मलेरियाच्या देशांची दरडोई वाढ इतर कारणं वजा केल्यावरही वर्षाला १.३ टक्क्यानं कमी होती. १.३ टक्का म्हणजे किरकोळ वाटतो, पण संघाचं कर्ज घेतलेल्याला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. पंचवीस वर्षांत हा फरक ३८ टक्क्यांच्या आसपास जातो. यावर आक्षेप असा की हे देश इतर अनेक कारणांनीही मागं होते, सगळं मलेरियाच्या माथी मारता येत नाही. आक्षेपात दम आहे.

भारतावरचा डेव्हिड कटलर आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास म्हणून मला जास्त बोलका वाटतो. १९५० च्या दशकातल्या मोहिमेआधी ज्या भागांत मलेरिया फार होता, तिथं मोहिमेनंतर जन्मलेल्यांचं मोठेपणी काय झालं, हे त्यांनी बघितलं. कमावत्या वयाच्या पुरुषांच्या घरातला दरडोई खर्च बेताचा वाढलेला दिसला. पुरुषांच्या शिक्षणात मात्र वाढ दिसली नाही. म्हणजे मलेरिया गेला की गरिबी आपोआप जाते, असं नाही. शाळा, रस्ता, पाणी हे वेगळं लागतंच. पण अंगात ताकद असेल तर कामावर जाता येतं, एवढं नक्की, आणि रोजावर जगणाऱ्या घरात ही गोष्ट लहान नसते.

‘ते लोक मच्छरदाणी का लावत नाहीत?’

बस्तर-गडचिरोलीच्या बातम्या वाचून हा प्रश्न माझ्यासमोर अनेकांनी विचारला आहे. मी त्यांना उलट विचारते, आमच्या कणकुंबी-जांबोटीकडं रानडुकरं आणि गवे भातात शिरतात तेव्हा राखणीला माळ्यावर बसलेला माणूस मच्छरदाणी लावतो का? रात्रभर जागं राहून डबा बडवायचा असतो. जंगलातल्या गावांत पिकाची राखण, वनोपज गोळा करायला पहाटे निघणं, शेतातल्या खोपीत मुक्काम, हे सगळं डासांच्या वेळेलाच येतं. पावसात नाले भरले की दवाखाना गाठायला अर्धा दिवस जातो. फाल्सिपेरम तेवढी सवड देईलच असं नाही.

आणि मच्छरदाण्या दिल्या, लावल्या, की फरक पडतो हेही दिसलंय. ओडिशानं २०१७ मध्ये ‘दमन’ नावाची मोहीम काढली. दुर्गम पाड्यांत शिबिरं घेऊन ताप असो नसो, प्रत्येकाचं रक्त तपासायचं, परजीवी सापडला की तिथंच औषध द्यायचं, शिवाय कीटकनाशक मुरवलेल्या मच्छरदाण्या वाटायच्या. अशा मच्छरदाणीवर बसलेला डास मरतो, त्यामुळं शेजारच्या घराचंही रक्षण होतं. २०१६ साली ओडिशात सुमारे साडेचार लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०१९ मध्ये ते ४० हजारांच्या आसपास आले. आशाताईची सुई हे ह्याच मोहिमेचं लहान रूप आहे.

पुण्यात लस बनते, ती आम्हाला का नाही?

आर२१ नावाची लस ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी काढली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या ऑक्टोबरात तिची शिफारस केली. ती फाल्सिपेरमविरुद्ध आहे आणि लहान मुलांना वाचवण्यासाठी आहे. व्हायव्हॅक्सच्या यकृतातल्या गाठीवर तिचा उपयोग नाही. म्हणून ती सध्या जिथं मुलं मरताहेत तिथं, म्हणजे आफ्रिकेत, जाते आहे. ते योग्यच आहे.

कमी झालाय, तर आता सोडून द्यायला काय हरकत?

ह्या प्रश्नाला आपल्या देशानं एकदा उत्तर दिलंय. १९४७ च्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत होता आणि आठ लाख मरत होते, असा अंदाज आहे. फवारणीच्या मोहिमेनंतर १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. मग लक्ष उडालं, पैसा आटला, औषधं वेळेवर पोचेनात, डास डीडीटीला सरावले. १९७६ साली नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. श्रीलंकेत तर १९६३ साली अवघे १७ रुग्ण उरले होते. तिथं फवारणी थांबली, आणि पाच-सहा वर्षांत लाखोंच्या संख्येनं साथ उसळली.

श्रीलंकेनं पुढं धडा घेतला. २०१२ नंतर तिथं स्थानिक रुग्ण सापडला नाही आणि २०१६ मध्ये देश मलेरियामुक्त जाहीर झाला. तरी परदेशातून परत येणाऱ्यांवर त्यांनी आजही नजर ठेवली आहे.

भारतात २०१५ साली ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते, २०२३ मध्ये २ लाख २७ हजार. नोंद न झालेले वेगळे. चांगली घसरण आहे. पण रुग्ण कमी होतात तशी अंगातली सवयही जाते. आज आमच्या गावात मोजक्या माणसांखेरीज कुणाच्या शरीरानं मलेरिया बघितलेला नाही. डास मात्र आहेत. घाटाखालच्या झऱ्यांतला फ्लुव्हिएटिलिस, शेतातल्या डबक्यांत आणि पाटांत वाढणारा क्युलिसिफेसिस, आणि चार-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी साठवणाऱ्या गल्ल्यांतल्या हौदांत स्टिफेन्सी. साखळीतली एकच कडी इथं गैरहजर आहे, परजीवी असलेलं रक्त. ते मंगळूरहून एस.टी.नं येतं.

‘बाहेरचेच आणतात’

इथं येऊन चर्चा वाकडी होते. बेळगावातल्या बांधकामांवर ओडिशा, झारखंड, बिहारची माणसं काम करतात. साथ आली की बोट त्यांच्याकडं जातं. आणि मंगळूरमध्ये तेच बोट आमच्या पोरांकडं जातं, हे चुलतभावानं मला सांगितलं तेव्हा मला फार लागलं. तिथल्या एका गृहस्थानं त्याला ऐकवलं होतं, तुम्ही घाटावरचे लोक रोग घेऊन येता. त्याला तो ताप मंगळूरच्याच डासानं, मंगळूरच्याच इमारतीत दिला होता.

‘कुठून आलास?’ हा प्रश्न आशाताई विचारते तो हिणवायला नव्हे. व्हायव्हॅक्स महिन्यांनी उठतो, म्हणून तापाच्या माणसानं डॉक्टरला गेल्या वर्षभरात कुठं कुठं काम केलं ते सांगायला हवं. आमच्या गावातली माणसं कधी खानापूरला, कधी सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडला दवाखान्यात जातात. कागद अलीकडचा पलीकडं जात नाही, त्यामुळं तोंडानं सांगणं आणखी गरजेचं. गोळ्यांची माहिती कन्नडमध्ये छापलेली असेल आणि घरात कन्नड वाचणारं कुणी नसेल तर आशाताईला मराठीत सांगायला सांगायचं, ती सांगते.

आमच्या घरी आता एक रीत झाली आहे. भाऊ घरी आला की वहिनी आधी त्याची बॅग उघडून गोळ्यांचं पाकीट आहे का ते बघते. गेल्या गणपतीत पाकीट नव्हतं, ताप नव्हता, तरी आशाताई आली तेव्हा त्यानं स्वतःहून बोट पुढं केलं. तिनं थेंब पट्टीवर टाकला, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, ‘पंधरा मिनिटं लागतील, तोवर चहा टाका.’ पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे मलेरिया नव्हता. ती पट्टी पिशवीत टाकून ती शेजारच्या बांधकामाकडं गेली, तिथं झारखंडची सहा माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती.